भूमध्य समुद्रावरील पहिली यात्रा : बंदरोबंदरीचे नियोजन
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वार्षिक संमेलनात दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांकडून आली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारे आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यात गेले. विद्वत्तेचे बोलणे आमच्यापाशी नाही. परंतु २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात आपल्याच ज्ञातीतील आम्ही अकरा माणसे भूमध्य समुद्रावर क्रूझच्या जहाजाने सात रात्रींचा प्रवास करून आलो. परतल्यापासून मंडळी भेटली की विचारतात, "गुरुजी, आम्हांलाही जावयाचे आहे, काय काय करावे लागते?" प्रत्येकास निराळे सांगण्यापेक्षा सर्वांस एकदमच सांगावे, या हेतूने हे व्याख्यान योजिले आहे. त्यात आमच्या चुकाही सांगणार आहोत. शिक्षकाने आपली चूक फळ्यावर लिहून दाखविली, तर ती मुलांच्या अधिक ध्यानात राहते, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम एका जुन्या गोष्टीचे स्मरण करतो. समुद्र ओलांडणे हे एके काळी आपल्या देशात पातक मानले जाई. १८८८ साली मोहनदास गांधी विलायतेस शिकावयास निघाले, तेव्हा त्यांच्या ज्ञातीच्या मुंबईतील पंचांनी सभा भरवून त्यांस ज्ञातिबहिष्कृत केले. आणि १८९१ मध्ये ते परतल्यावर त्यांच्या वडील बंधूंनी त्यांस नाशिकास नेऊन शुद्धीचे स्नान घडविले. ज्ञातिसंस्था त्या काळी वाट अडविण्याचे काम करीत असत. आज आपण ज्ञातीच्याच व्यासपीठावरून समुद्रप्रवासाची वाट सांगत आहोत, हा पालट लहान नव्हे. याबद्दल आपल्या पूर्वीच्या कार्यकर्त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

शिवाय तो समुद्र आपणांस अगदीच परका आहे असे नाही. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी म्हणून टेकडी आहे. गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात तेथे उत्खनन झाले आणि इतर वस्तूंबरोबर पोसायडन या ग्रीकांच्या समुद्रदेवाची लहानशी ब्राँझमूर्ती सापडली. ती कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयात आहे. आम्ही दरवर्षी मुलांची सहल तेथे नेत असू. आपण भूमध्य समुद्रास जाण्यापूर्वी सुमारे दोन हजार वर्षे त्या समुद्राचा देव आपल्या नदीकाठी येऊन राहिला होता, असे आम्ही मुलांना सांगत असू.

आता विषयाकडे वळतो. आमच्या अकरा जणांत आमचे थोरले बंधू होते. त्यांस ८१ वे वर्ष चालू होते. आमचे वडील लवकर गेले. दादांनी चौथीतून शाळा सोडली, शेती अंगावर घेतली आणि आम्हांस मॅट्रिकपर्यंत शिकविले. रात्री कंदिलापाशी आम्ही मोठ्याने पाठ वाचत असू आणि दादा दिवसाच्या कामाने थकून भिंतीला टेकून ऐकत बसत. पुढे नोकरी लागल्यावर आम्ही त्यांस कोल्हापूरच्या दुसऱ्या राजाराम महाराजांचा वृत्तांत वाचून दाखविला होता. हे तरुण महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासास गेले आणि परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी निवर्तले. वय अवघे वीस वर्षांचे. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, तेथील अधिकाऱ्यांची खास परवानगी घेऊन, त्यांचा देह हिंदू रीतीने दहन करण्यात आला. त्यांनी इंग्रजीत ठेवलेली प्रवासाची रोजनिशी १८७२ साली लंडनात छापली गेली, आणि १८७४ मध्ये संगमाजवळ छत्री उभारून त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. दादांच्या मनात ही गोष्ट पन्नास वर्षे राहिली होती. मुलांनी आम्हां दोघां भावांस "कोठे जावयाचे?" असे विचारले, तेव्हा दादा म्हणाले, "त्या म्हाराजांची छत्री बघायची." या एका वाक्यावर आमचा मार्ग ठरला.

तात्पर्य, पहिला नियम हा की, जहाज किती मोठे आहे, त्यावर किती हौद आहेत, हे पाहण्याआधी आपणांस काय पाहावयाचे आहे ते ठरवावे आणि मग त्या बंदरास लागणारे जहाज निवडावे. आमचा मार्ग असा होता : बार्सिलोना येथे रविवारी जहाजावर चढणे, सोमवारी माजोर्का बेटावरील पाल्मा, मंगळवारी फ्रान्समधील मार्सेय, बुधवारी इटलीतील ला स्पेझिया, जेथून फ्लॉरेन्स व पिसा येथे जाता येते, गुरुवारी चिविताव्हेक्क्या, म्हणजे रोमचे बंदर, शुक्रवारी नेपल्स, शनिवारी दिवसभर समुद्र, आणि रविवारी पुन्हा बार्सिलोना. पश्चिम भूमध्य समुद्रातील हा पुष्कळ जहाजांचा रुळलेला मार्ग आहे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. स्पेन, फ्रान्स व इटली या तिन्ही देशांस एकच शेंगेन व्हिसा चालतो. जेथे अधिक दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करावयाचा; दिवस समान असतील तर जेथे प्रथम पाऊल ठेवणार, त्या देशाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. कमीत कमी तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. जहाज मधेच ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानास लागणार असेल, तर अनेकवार प्रवेशाचा व्हिसा मागावा; नाहीतर परत युरोपात शिरताना अडचण येते. आणि एक गोष्ट कधीही विसरू नये : जहाज ज्या दिवशी सुटावयाचे त्याच दिवशी विमानाने त्या गावी पोहोचण्याचे धाडस करू नये. विमान उशिरा आले तर जहाज थांबत नाही. आम्ही दोन दिवस आधी बार्सिलोनास पोहोचलो. त्या दोन दिवसांत शीण गेला आणि गौदी या स्थापत्यकाराचे साग्रादा फामिलिया हे मंदिर पाहून झाले. १८८२ साली त्याचे काम सुरू झाले आणि गौदी १९२६ मध्ये निवर्तले, तरी काम चालूच राहिले. आमच्या कुटुंबाने ते पाहून म्हटले, "आपल्या गावच्या देवळाचा सभामंडप रेंगाळला म्हणून उगाच बोलतो आपण!" तेथील तिकिटे ठराविक वेळेची असतात, ती घरूनच काढून ठेवावीत.

आता किनाऱ्यावरील वेळेचा हिशेब. हा भाग कृपया लक्षपूर्वक ऐकावा, कारण बहुतेकांची चूक येथेच होते. जहाज सकाळी आठ वाजता बंदरास लागून सायंकाळी सहा वाजता सुटते, असे पत्रकात लिहिलेले असते. आपण म्हणतो, दहा तास मिळाले. तसे नसते. धक्क्यास लागल्यावर परवानगी मिळून उतरेपर्यंत तास जातो. सुटण्यापूर्वी निदान अर्धा ते एक तास आधी सर्वांनी चढलेच पाहिजे, असा नियम असतो. दहातून दोन गेले, आठ राहिले. ला स्पेझियाहून फ्लॉरेन्स बसने सुमारे दोन तासांवर. जाण्यायेण्यात चार गेले. हाती राहिले चार. त्यात जेवण, स्वच्छतागृह आणि मंडळींची चुकामूक. चार तासांत एक गोष्ट नीट पाहून होते. पाच पाहू म्हणणारा एकही पाहत नाही. आम्ही एक वही केली आणि प्रत्येक बंदरास एक पान दिले. पानावर चार रकाने : जहाज लागण्याची वेळ, चढण्याची शेवटची वेळ, धक्क्यापासून गावाचे अंतर, आणि हाती उरणारा वेळ. पानाच्या माथ्यावर मुख्य स्थळ एकच लिहावयाचे. बाकीची खाली, 'वेळ उरल्यास' म्हणून.

दुसरा प्रश्न, जहाजाने योजलेल्या सहलीत जावे की स्वतंत्रपणे? जहाजाची सहल महाग असते. परंतु तिची बस उशिरा आली तर जहाज सामान्यतः तिच्यासाठी थांबते, किंवा प्रवाशांस पुढील बंदरी पोहोचविण्याची व्यवस्था करते. स्वतंत्र गेलेल्यासाठी कोणी थांबत नाही; त्याने पुढचे बंदर आपल्या खर्चाने गाठावयाचे. म्हणून आम्ही असे ठरविले की, गाव दूर असेल तेथे, म्हणजे फ्लॉरेन्स व रोम येथे, जहाजाची बस घ्यावी; आणि गाव धक्क्याजवळ असेल तेथे, म्हणजे पाल्मा, मार्सेय व नेपल्स येथे, आपले आपण फिरावे. जहाजाच्या बसमध्येही एक स्वस्त प्रकार असतो. ती केवळ शहरात नेऊन सोडते व ठरल्या वेळी परत आणते. मधला वेळ आपला. आमच्यासारख्यांस तो उत्तम.

पाल्मा येथे काही विशेष घडले नाही. तेथील समुद्राकाठचे भव्य प्रार्थनामंदिर पाहिले, सावलीत बसलो, दोन वाजता जहाजावर परतलो. पहिल्या बंदरी असेच सोपे असावे.

मार्सेय येथे मात्र आमची चूक झाली. तेथे आम्हांस फार जावयाचे होते. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' जहाजातून विनायक दामोदर सावरकरांनी समुद्रात उडी घेतली ती याच बंदरात. ते पोहून किनाऱ्यास लागले, परंतु पकडले जाऊन पुन्हा जहाजावरील पहारेकऱ्यांच्या स्वाधीन झाले, आणि १९११ मध्ये हेग येथील लवादाने ब्रिटनच्या बाजूने निर्णय दिला. पहिल्या महायुद्धात १९१४ साली हिंदी सैन्य फ्रान्समध्ये प्रथम उतरले तेही येथेच. शहरातील माझार्ग येथील युद्धस्मशानभूमीत त्यांचे स्मारक आहे. ही दोन्ही स्थळे आमच्या वहीत होती. परंतु आम्ही धक्क्यापासून शहराचे अंतर लिहिताना नकाशावर बोटाने मापले आणि 'जवळच' असे लिहून ठेवले. वास्तविक क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून कित्येक किलोमीटर दूर आहे. तेथे जाण्यास बस होती. माणशी भाडे ऐकले, मनात त्याचे रुपये केले, अकराने गुणले आणि आम्ही म्हटले, "चालतच जाऊ, सकाळची वेळ आहे."

बंधूंनो, शिक्षकाचा हा काटकसरीचा स्वभाव आयुष्यभर उपयोगी पडतो, परंतु एखादे दिवशी तोच घात करतो. वाट गोदामांच्या व मालाच्या पेट्यांच्या मधून जाणारी, सावली नाही, बसावयास जागा नाही. दादांनी प्रवासासाठी नवे बूट घेतले होते. पाऊण तास चालल्यावर ते मागे राहू लागले. विचारले तर म्हणाले, "काय न्हाई, चला." शेतकऱ्याचे पाय आहेत, या भ्रमात आम्ही राहिलो. जुन्या बंदरापाशी पोहोचून बाकावर बसलो आणि त्यांनी बूट काढला, तेव्हा मोजा रक्ताने भिजलेला होता. स्मशानभूमी राहिली, सारे राहिले. आम्ही समुद्राकडे पाहून हात जोडले आणि टॅक्सीने परतलो. बसचे भाडे वाचविले होते, त्याहून टॅक्सीचे अधिक झाले. पण त्याचे दुःख नव्हते. दुसरे दिवशी फ्लॉरेन्स होते.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. फ्लॉरेन्सची छत्री कॅशिने नावाच्या उद्यानात आहे. हे उद्यान नदीकाठाने सुमारे तीन किलोमीटर लांब पसरलेले असून छत्री त्याच्या पश्चिमेकडील अगदी शेवटच्या टोकास आहे. आमची योजना अशी होती की, प्रथम शहराचे मध्यवर्ती घुमटमंदिर व चौक पाहावेत, मग ट्रामने उद्यानाच्या तोंडाशी जावे आणि तेथून चालत टोक गाठावे. आता दादांना खोलीतून भोजनगृहापर्यंत चालणे कठीण झाले होते. ते म्हणाले, "तुमी जावा. मी हितं बसतो. फोटो दावा म्हंजे झालं." पन्नास वर्षांची इच्छा, तिच्यासाठी एवढा प्रवास, आणि आमच्या चार पैशांच्या हिशेबापायी माणूस चार तासांच्या अंतरावरून परत फिरणार! आम्ही निरुत्तर झालो.

आमच्या मंडळीत आमची पुतणसून होती. ती रुग्णालयात परिचारिका आहे. तिने जखम धुऊन पट्टी बांधली, दादांस आपल्या नवऱ्याच्या मोकळ्या चपला घातल्या आणि आमची वही मागितली. फ्लॉरेन्सच्या पानावर आम्ही सहा स्थळे लिहिली होती. तिने पाच खोडली. म्हणाली, "काका, मुख्य स्थळ एकच लिहायचं, हा नियम तुम्हीच केला ना? मग बाकीची कशाला लिहिलीत?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. 'वेळ उरल्यास' म्हणून लिहिलेली स्थळेच माणसास घाई करावयास लावतात, हे त्या मुलीने ओळखले.

बुधवारी बस फ्लॉरेन्सला पोहोचली. बाकीची सात माणसे शहर पाहावयास गेली. दादा, आम्ही, आमचे कुटुंब व ती पुतणसून असे चौघे थेट टॅक्सीच्या थांब्यावर गेलो. त्या शहरात टॅक्सी रस्त्यात हात करून मिळत नाही, थांब्यावरूनच घ्यावी लागते. चालकास मोबाइलवर छत्रीचे चित्र दाखविले. त्याने लगेच मान डोलाविली आणि "इंडियानो" असे म्हटले. त्या ठिकाणाला तेथील लोक त्याच नावाने ओळखतात. जवळच १९७८ साली बांधलेला मोठा पूल आहे, त्याचेही नाव तेच, म्हणजे 'हिंदी माणसाचा' पूल. दीडशे वर्षांपूर्वी परगावात निवर्तलेल्या आपल्या एका तरुण मुलाचे स्मरण त्या शहराने नावात जपले आहे.

टॅक्सीतून उतरून थोडी पावले चालल्यावर छत्री दिसली. घाट आपल्याकडचा, चार खांब, वर घुमट, खाली फेटा बांधलेला अर्धपुतळा, चौथऱ्यावर कोरलेले लेख. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. ज्या टाउन हॉलमध्ये पोसायडन ठेवला आहे, त्या टाउन हॉलचे आणि कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे स्थापत्यकारही तेच. दादांनी चपला काढल्या. पट्टी बांधलेल्या पायाने ते चौथऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. घरून निघताना त्यांनी पंचगंगेचे पाणी लहान बाटलीत भरून मोठ्या सामानात ठेवले होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्यांनी ते हातावर घेऊन शिंपडले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "ईस वर्साचं पोर. घरापासनं किती लांब." आणि आमच्याकडे वळून, "तू वाचून दावलं व्हतंस म्हनून हितवर आलो." आम्ही त्यांस काय सांगणार? त्यांनी शाळा सोडली म्हणून आम्ही वाचावयास शिकलो होतो.

तेथे आम्ही पाऊण तास होतो. मायकेल-अँजेलोचा डेव्हिड राहिला, घुमट दुरून पाहिला. बसच्या वेळेपूर्वी अर्धा तास थांब्यावर हजर होतो. फ्लॉरेन्सला जाऊन हे पाहिले नाही, ते पाहिले नाही, असे आम्हांस कोणी म्हणतात. आम्हांस त्याची खंत नाही.

रोमविषयी लांबवीत नाही. धक्क्यापासून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे. धडा शिकलो होतो, म्हणून पानावर एकच नाव लिहिले : पँथिऑन. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा घुमट त्रेचाळीस मीटर रुंद असून त्याच्या माथ्यावर आकाशाचा उघडा गोल आहे. आत बसावयास बाके आहेत, याचाही विचार केला होता. कोलोसियम बाहेरून पाहिले.

नेपल्सला मंडळींचे दोन गट केले. तरुणांनी रेल्वेने पाँपेई गाठले. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले ते नगर पाहण्यास दोन-तीन तास उन्हात चालावे लागते. वडीलधारी मंडळी टॅक्सीने शहरातील पुराणवस्तुसंग्रहालयात गेली. तेथे पाँपेईत १९३८ साली सापडलेली वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. ती भारतीय घडणीची असून तशाच मूर्ती आपल्या मराठवाड्यात तेर व भोकरदन येथे मिळाल्या आहेत. हे संग्रहालय मंगळवारी बंद असते. कोणते स्थळ कोणत्या वारी बंद, हा रकानाही वहीत अवश्य घालावा. सर्वांनी सर्वत्र एकत्रच गेले पाहिजे हा आग्रह सोडला, तर कोणाचे पाय दुखत नाहीत आणि कोणाचे मनही दुखत नाही. मात्र भेटण्याची जागा व वेळ प्रत्येकाच्या खिशात कागदावर लिहून द्यावी. मोबाइलवर विसंबू नये.

आता जहाजावरील कार्यक्रम. जहाज सुटण्यापूर्वी संकटकाळच्या सूचनांचा सराव सर्वांस सक्तीचा असतो. तो कंटाळा न करता करावा. दररोजची कार्यक्रमपत्रिका आदल्या दिवशी मिळते किंवा मोबाइलवर दिसते. नाट्यगृहातील प्रयोगांची आसने आधी राखावी लागतात. भोजनाच्या दोन पाळ्या असतात; आपल्या मंडळींनी लवकरची पाळी घ्यावी, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे बंदर असते. शाकाहार, जैन आहार, उपवास यांविषयी निघण्यापूर्वी लेखी कळवावे. नवरात्र चालू होते. घट पुतण्याच्या घरी बसविले होते, आणि आमच्या कुटुंबाचे उपवास फळे, दही व उकडलेले बटाटे यांवर पार पडले. सेवकांच्या बक्षिसीची रक्कम दररोज माणशी हिशेबात धरली जाते, ती आधीच विचारून घ्यावी, म्हणजे शेवटच्या दिवशी बिल पाहून धक्का बसत नाही. घड्याळ जहाजाच्या वेळेप्रमाणे लावावे. त्या दिवसांत ते आपल्या वेळेच्या साडेतीन तास मागे होते.

शनिवार, १२ ऑक्टोबर, हा संपूर्ण दिवस समुद्रावरचा होता, आणि त्याच दिवशी दसरा होता. दादांचे सहस्रचंद्रदर्शन त्या दिवशी साजरे करावयाचे, असे आम्ही घरीच ठरविले होते. जहाजाच्या कचेरीस दोन महिने आधी पत्र लिहून अर्ध्या तासासाठी एक कोपरा मागितला. तो विनामूल्य मिळाला. जहाजावर उघडी ज्योत पेटविण्यास सक्त मनाई असते. निरांजन नाही, उदबत्ती नाही. आमच्या कुटुंबाने कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी आणि घटावर चालणारा लहान दिवा असे तबक केले. आपट्याची पाने नेली नव्हती; हिरवा पाला परदेशात नेण्यावर निर्बंध असतात. तिने सोनेरी कागदाची पाने कातरून वहीत दाबून आणली होती. त्या पानांचे सोने आम्ही अकरा जणांनी एकमेकांस दिले. वाढपी मुलांपैकी एक गोव्याचा होता. त्याने आपण होऊन पुढे येऊन दादांस वाकून नमस्कार केला. त्यास दोन पाने दिली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. सणास घरी नसणे म्हणजे काय, हे त्यास आमच्याहून अधिक ठाऊक. रात्री वरच्या डेकवर दादांस खुर्चीत बसविले. दशमीचा चंद्र वर होता. सीमोल्लंघन झाले होते.

आता समारोप करतो. आमची वही संस्थेच्या कार्यालयात ठेवीत आहोत. कोणीही पाहावी, उतरून घ्यावी आणि आपण जाऊन आल्यावर तीत आपले पान जोडावे. त्यात मार्सेयच्या पानावर आम्ही 'जवळच' हा शब्द खोडलेला नाही. त्यापुढे लाल शाईने 'चूक' असे लिहून सही केली आहे.

दुसरी विनंती अशी की, जाताना घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास बरोबर न्यावे, आणि त्याच्या पायांच्या वेगाने योजना आखावी. आपल्या ज्ञातीत आज जी मुले परदेशी शिकतात, नोकरी करतात, त्यांच्यामागे कोणीतरी चौथीतून शाळा सोडलेला आहे, कोणीतरी दागिना मोडलेला आहे. ती माणसे आपण होऊन मागत नाहीत. त्यांस विचारावे लागते. दोन स्थळे कमी पाहिली तरी चालतील. बसचे भाडे मात्र वाचवू नये.